कारखान्यात तपासलेला हेडसेट

हेडसेट घरी आणले तेव्हा आई म्हणाली, हे काय, केस वाळवायचं मशीन आहे का. एक नव्हे, दोन आणले होते. मला नुकतीच नोकरी लागली होती, पंख्यांच्या लहान विमानावर को-पायलट म्हणून, आणि आमच्या कॅप्टननी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, बाकी काही घेऊ नकोस, पण स्वतःचा हेडसेट घे. कॉकपिटमध्ये कंपनीचा असायचाच. तो चढवला की आधीच्या माणसाच्या केसांचं तेल आपल्या कपाळाला लागायचं. दुसऱ्या फेरीपर्यंत चष्म्याच्या काड्या कानामागे इतक्या रुतायच्या की डोकं ठणकायला लागायचं आणि खाली उतरल्यावर कोणी नुसतं 'काय मॅडम' म्हटलं तरी मी अंगावर जायची. मुळात मी तापटच. हेडसेटने आणखी निमित्त दिलं.

नव्या विमान कंपन्या भराभर निघत होत्या ते दिवस. पायलट मिळत नव्हते. आमची राहनाळची शेतजमीन गोडाऊनसाठी गेली, तिच्या पैशांतून माझं शिक्षण झालं, आणि आमच्या शेलार गावात मी एकदम विमानवाली पोर झाले. माझ्यापेक्षा बाबांचाच रुबाब वाढला. धामणकर नाक्यावरच्या चहाच्या दुकानात ते सांगत, की आता थोडे दिवस थांबा, माझी पोर विमानात माईकवर बोलणार आहे आणि मी आत बसून ऐकणार आहे. विमान मी उडवणार याचं त्यांना विशेष वाटत नव्हतं. ट्रकही माणसंच चालवतात, असं त्यांचं म्हणणं. पण माईकवर बोलणं म्हणजे मोठं काम. लग्नात, सभेत, माईक कोणाच्या हातात असतो ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

त्यात माझा आवाज घोगरा. शाळेत मुली चिडवायच्या. मी रडत घरी आले की बाबा म्हणायचे, माझ्या आईचा आवाज तुला आलाय, ती खाडीच्या बांधावरून हाक मारायची तर पलीकडच्या काठावरची माणसं वळून बघायची. ती आजी मी पाहिली नाही. बाबा लहान असतानाच ती गेली, घरात कापड विणायचे लूम यायच्या कितीतरी आधी.

तर दोन हेडसेट. एक माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणीचा, जाडजूड, कानांवर घट्ट आवळून बसणारा. आवाज अडवायचा तो नुसत्या जाडीच्या जोरावर. दुसरा अंधेरीच्या विक्रेत्याने ओळखीवर चार दिवस वापरून बघायला दिलेला. तो हलका, मऊ गाद्यांचा, वायरीला एक डबी, डबीत बॅटरी. डबीवरचं बटण दाबलं की विमानाची घरघर तो गिळून टाकतो आणि माणसांचं बोलणं तेवढं कानात येऊ देतो, असं विक्रेत्याचं म्हणणं. मात्र विकत घेईपर्यंत विमानात न्यायचा नाही, ही त्याची अट. आता घरी बसून तपासायचा कसा? मी पंखा पूर्ण वेगाने लावला, मिक्सर लावला. आई म्हणाली, रिकामा मिक्सर जळेल.

बाबा माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "आवाज पायजे ना तुला? मंग कारखान्यान आन."

कारखाना घराच्या मागेच होता. पत्र्याच्या छताखाली लूमच्या रांगा, पांढरं कापड, हवेत कापसाचं तूस, आणि तो खडखडाट. त्यात ओरडून उपयोग नसतो, त्यामुळे तिथे कोणी ओरडत नाही. सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, शब्द तेवढे तोंडाने स्पष्ट करायचे आणि जोडीला हाताच्या खुणा. ताण्याचा धागा तुटला, सुताच्या कांड्या संपल्या, तुझा भाऊ आलाय, सगळं असंच. उत्तर प्रदेशातून आलेला कारीगर आठवड्याभरात आमचं मराठी ओठांवरून ओळखायला लागायचा आणि आम्ही त्याची हिंदी. ही सवय घरातही आली होती. आमच्या घरी मागून कोणी कोणाला हाक मारत नसे. आधी खांद्यावर हात ठेवायचा, समोरच्याने वळून तोंडाकडे बघितलं की मग बोलायचं. आई कारखान्याच्या दारात उभी राहून नुसत्या ओठांनी 'जेवायला चला' म्हणायची आणि बाबा शेवटच्या लूमपासून मान हलवायचे. कॉलेजात गेल्यावर मला कळलं, की इतर घरांत लोक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाका मारतात. मला ते जरा असंस्कृतपणाचं वाटलं होतं.

लूम सुरू असताना आम्ही आत गेलो. आधी मी दोन्ही लावून पाहिले. जाड्याने खडखडाट कमी झाला, पण जबडा दुखायला लागला. हलक्याचं बटण दाबलं आणि मी जागच्या जागी थांबले. खटखट येत होती, पण तिच्या खालचा जो सततचा घुमारा असतो, जो मी जन्मापासून ऐकत आले होते, तो कोणीतरी खालून काढून घेतला होता. लूम दुरुस्त करणारे आमचे आझमगडचे चाचा जवळच उभे होते. त्यांनीही हौसेने लावला, बटण दाबलं, बंद केलं, परत दाबलं, आणि हसत ओठांनी म्हणाले, "आधा कारखाना बंद कर दिया इसने."

मग बाबांनी लावला. हलका, मग जाडा, मग परत हलका. मी बटण दाबून दाखवलं, बंद करून दाखवलं. बाबा छताकडे बघत उभे राहिले, सुताचा भाव ऐकताना उभे राहायचे तसे. मग हेडसेट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सगले सारकेच. मना त काय फरक वाटत न्हाय."

आम्ही सगळे हसलो. चाचा तर मांडीवर थाप मारून हसले. कारण बाबांची ही चाल सगळ्यांना पाठ होती. सुताचा व्यापारी कितीही चांगला माल दाखवो, सौदा होईपर्यंत बाबा त्याला चांगला म्हणत नसत. धागा बोटांवर ओढून बघायचे, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, सगळीकडे हेच सूत मिळतं, यात वेगळं काय. मग समोरचा भाव उतरवायचा. मी बाबांच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, "बाबा, विक्रेता इथे नाही. आता तरी खरं सांगा." तेही हसले.

मग त्यांनी आवाजाचा विषयच सोडून दिला. हलका हेडसेट स्वतःच्या चष्म्यावरून लावला आणि तसेच कारखान्यात फिरत राहिले. लूमवरचा सुताचा एक बीम उतरवून दुसरा चढवून घेतला, तरी तो डोक्यावर होताच. जेवायला आले तेव्हा हेडसेट ताटाशेजारी ठेवून कानामागची जागा बोटाने चाचपली. "यो चावत न्हाय. यो घे."

मी तोच घेतला. घेतला ते बरंच झालं. पहिल्या दिवशी विमान वर गेल्यावर बटण दाबलं आणि पंख्यांची ती घरघर, जी अंगभर भरून राहायची, ती विझली. कंट्रोल टॉवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा स्पष्ट बोलत होता. चार फेऱ्या झाल्या तरी डोकं दुखलं नाही. कॅप्टन म्हणाले, आज तू कोणावर ओरडली नाहीस. मी घरी फोन करून बाबांना सांगायला गेले, तर नेहमीप्रमाणे त्यांनी फोन आईच्या हातात दिला. त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई म्हणायची, यांना बिल वाढायची भीती.

बाबांना विमानात बसवायचा योग दीड-दोन वर्षांनी आला. घोषणा बहुधा कॅप्टनच करायचे, आणि मला बाबांसमोर मुकं बसायचं नव्हतं. शेवटी एका भल्या कॅप्टनबरोबर मुंबईहून औरंगाबादची फेरी मिळाली. ते म्हणाले, आज तूच बोल, आणि आधी मराठीत बोल. आई नवी साडी नेसून आली. बाबांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, त्यांच्याच कारखान्यातल्या कापडाचा. नाक्यावरच्या मंडळींना सांगून झालं होतं. निघताना ते आईला म्हणाले होते म्हणे, मध्येच बोलायला लागू नकोस, पोरीचं सगळं ऐकू दे.

विमान वर जाऊन स्थिर झालं. मी घोषणेचं बटण दाबलं. घसा दोनदा खाकरला. नमस्कार केला, उंची सांगितली, हवा सांगितली, आणि मग जे कुठल्या नियमात बसत नव्हतं तेही बोलले: आज या विमानात माझे आईबाबा बसले आहेत, बाबांनी लूम चालवून मला इथवर आणलं, त्यांच्यासमोर बोलताना मला विमान उतरवताना येत नाही इतका घाम आलाय. बंद दाराआडूनही टाळ्यांसारखं काहीतरी जाणवलं. कॅप्टननी अंगठा वर केला. त्या क्षणी मला वाटलं, की झालं, माझ्याकडून बाबांना जे द्यायचं होतं ते देऊन झालं.

औरंगाबादला सगळे प्रवासी उतरल्यावर मी खाली आले. आई शिडीपाशी डोळे पुसत उभी होती. बाबा तिच्या शेजारी, जरा गोंधळलेले. मी जवळ गेल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी त्यांच्याकडे बघेपर्यंत थांबले, आणि विचारलं, "तू कवा बोलनार व्हतीस?"

आई म्हणाली, "अवो, बोलली ना ती. टाल्या वाजवल्या तुमी." बाबा म्हणाले, सगळे वाजवत होते म्हणून वाजवल्या.

मला एकदम सगळं दिसलं. फोन आईकडे का जायचा ते. वीज गेली की लूम थांबल्याचं बाबांना बल्बकडे बघून किंवा पायाखालची फरशी थरथरायची थांबली म्हणून का कळायचं ते. कारखान्यात दोन्ही हेडसेट लावून छताकडे बघत उभा राहिलेला माणूस भाव पाडत नव्हता. तो खरंच सांगत होता. त्यांच्यासाठी बटण दाबलं काय आणि सोडलं काय, सारखंच होतं. भर दिवसा, सगळ्यांसमोर, त्यांनी तोंडाने सांगितलं होतं आणि आम्ही हसलो होतो.

पुढे त्यांना ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. बाबा काचेपलीकडे मशीनवर बसलेल्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने बटण दाबायला मान खाली घातली की बोट वर करायचे, तिला बरं वाटावं म्हणून. डॉक्टरांनी मला विचारलं, इतकी वर्षं घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. मला त्यांचा राग आला. आमच्या घरात बहिरा माणूस आणि ऐकणारा माणूस सारखेच वागतात. दोघेही तोंडाकडे बघतात. ऐकू येणं कमी होत गेलं तसं ओठ वाचणं वाढत गेलं असणार, आणि दोन्हींचा सांधा इतका बेमालूम जुळला की तो बाबांनाही कदाचित दिसला नाही. माझा आवाज त्यांना शेवटचा कधी ऐकू आला असेल, मी शाळेत असताना की त्याही आधी, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. माझे कान पंख्यांपासून जपायला मी अंधेरीपर्यंत गेले. त्यांच्या कानांत कोणी साधा कापसाचा बोळा घालायला सांगितला नाही, आणि कापूस तर आमच्याकडे हवेत उडत होता.

पण त्या दिवशी औरंगाबादला, शिडीपाशी, बाबा अजून वाट बघत होते. खाली काम करणारी माणसं सामान उतरवत होती, आम्हाला लवकर आत जा म्हणून हात करत होती. मी बाबांच्या समोर उभी राहिले आणि सगळी घोषणा पुन्हा केली. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, कारखान्यात बोलतात तशी. नमस्कारापासून. उंची, हवा, आणि मग ते लूमचं. बाबांनी माझ्या तोंडावरून नजर काढली नाही. लूमचं आलं तिथे त्यांची हनुवटी थरथरली. घामाचं आलं तिथे ते हसले. एकही शब्द त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

मग ते आईकडे वळले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगला बोलली. आवाज कसा येत व्हता गो तिचा?"

आई त्यांच्या समोर झाली. "तुमच्या आयसारका. घोगरा."

बाबांनी मान हलवली आणि लांब धावपट्टीकडे बघितलं. "मंग बरा," ते म्हणाले. "तिचा आवाज लय लांबवर जायाचा."