ऑस्टिनचं मडगार्ड

चांगदेव साळवे कमी बोलायचा, आणि काम करताना तर मुकाच. पिंपरीच्या एका कारखान्यात तो फायबरच्या टाक्या बनवायला शिकला होता. कारखाना बंद पडल्यावर १९७४ साली तो दौंडला परत आला आणि रेल्वेलाईनीपलीकडे पत्र्याची शेड टाकून बसला. टाक्यांना गिऱ्हाईक मिळेना. मी रेल्वेतला कारकून, मला त्यातलं काय कळतंय? पण न्हावऱ्याचे बडे जमीनदार हौसराव यांच्या वडिलांची जुनी ऑस्टिन मोटार एका मडगार्डावाचून अडलीय असं ऐकलं आणि फुशारकीने सांगून टाकलं, "आमचा चांगदेव करील की."

मडगार्ड गंजून पापड झालं होतं. तसं दुसरं पुण्याच्या जुन्या बाजारातही मिळालं नव्हतं. चांगदेवने मला काम समजावलं. जुन्या मडगार्डाला मेण घासायचं, त्यावर रसायन आणि काचेच्या धाग्यांची चटई चढवायची. ते कडक झालं की साचा सुटून येतो आणि त्या साच्यात नवं मडगार्ड बनतं. जिथं मेण नसेल तिथं मात्र रसायन पत्र्याला धरून बसतं.

"मग दोन्ही जातंय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "जुनं बी आन् साचा बी. मंग मला दौंडात कोण काम देतंय?"

तीन दिवस तो मेणाचे हात देत होता. जेवता जेवता उठून मडगार्ड बघून यायचा. त्याची बायको पार्वतीबाई वैतागून ताटावर ताट झाकून ठेवायची.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने रसायनात ते कडक करणारा हार्डनर घातला. आता वीस मिनिटांत सगळं लावून व्हायला हवं होतं. नेमके तेव्हाच हौसराव आले, हातात नारळ आणि कुंकवाची पुडी. मुहूर्त चुकू नये म्हणून पहिल्या एसटीने निघाले होते. विचारायची वगैरे त्यांना सवय नव्हती. खांद्यावरच्या उपरण्याने त्यांनी मडगार्डाचा माथा खसाखसा पुसला, ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि नारळ फोडला.

"हं, करा सुरू."

चांगदेवने माझ्याकडे पाहिलं. डब्यातलं रसायन तापायला लागलं होतं. मी हौसरावांच्या बरोबरीने उठणारा-बसणारा, एक शब्द बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पण मी नारळाचा तुकडा चघळत राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते. चांगदेवने ब्रश उचलला आणि कुंकवावरूनच फिरवला.

दुसऱ्या दिवशी साचा सोडवताना चांगदेव, पार्वतीबाई आणि मी, तिघंही घामाघूम. कडेने लाकडी पाचरी बसल्या, फटीतून पाणी सोडलं, लाकडी हातोडीने ठोकून झालं. कडा सुटल्या, माथा सुटेना. शेवटी कर्रकन आवाज आला. साचा शाबूत निघाला, पण मडगार्डाचा माथा फाटून साच्यालाच चिकटून राहिला.

संध्याकाळी हौसरावांनी ते भोक पाहिलं. बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं.

"उपरण्यानं मेण निघालं म्हंतूस. मंग मला तवाच का न्हाई सांगितलं?"

चांगदेव खाली बघून म्हणाला, "मालक, तुमचा हात होता त्याच्यावर. आमच्यात कुणी तुम्हाला हात काढा म्हणलेलं म्या कवा ऐकलं न्हाई."

हौसराव निघून गेले. आठ दिवस त्यांचा निरोप नाही. चांगदेवने चिकटलेला पत्रा खरवडून साचा दुरुस्त केला, त्यात नवं मडगार्ड घडवलं, काळ्या रंगाचे हात द्यायला घेतले. एसटीचा हॉर्न ऐकला की त्याचा चेहरा उतरायचा. माझंही ऑफिसात चित्त नव्हतं.

नवव्या दिवशी हौसराव आले. शेडच्या दारातच थांबले. हात पाठीमागे बांधलेले.

"चांगदेव," ते म्हणाले, "हात लावू का?"

चांगदेवने मडगार्डाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"थांबा जरा. रंग वला हाय अजून."

हौसराव दाराबाहेर उभे राहिले.