पंधरावी जागा

लोर्ना हॅगेन आमच्या कॉलेजातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहायक कोच. मी त्याच मुलींचे घोटे बांधायचे, गुडघे शेकायचे. एकोणीस वर्षं आम्ही दोघी एकाच खोलीत बसलो.

मुली शोधून आणणं हे तिचं काम. नॉर्थ डकोटातल्या बर्फात पाच-पाच तास गाडी हाकत ती गावोगाव जायची, पुढ्यात येईल ते खायची आणि मुलीच्या आईला म्हणायची, "तुमची पोर चार वर्षं माझी." मनापासून म्हणायची. म्हणून तर आया ऐकायच्या.

मार्लिस ओडेगार्ड अशीच आली. तिची आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. पहिल्याच भेटीत तिने लोर्नाला बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे तिथला ओव्हनमध्ये भाजलेला घरगुती पदार्थ, दोनदा वाढलं. मोठ्या कॉलेजांचीही बोलावणी होती, पण आईने लोर्नाचा शब्द धरला. दुसऱ्या वर्षी मार्लिसचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. दहा महिने ती रोज सकाळी सहाला माझ्याकडे येऊन दात आवळून पाय वाकवायची. मार्चमध्ये ती पुन्हा पळायला लागली, तेव्हा लोर्ना कोपऱ्यात उभी राहून नाक पुसत होती.

एप्रिलमध्ये मुख्य कोच ब्रँट आमच्या खोलीत आला. लोर्नापेक्षा चौदा वर्षांनी लहान. दुसऱ्या कॉलेजांतल्या ज्या मुलींना बदली हवी होती त्यांनी पोर्टलवर नावं टाकली होती, आणि त्यातल्या चौघी याने पटवल्या होत्या. संघात जागा पंधरा, रिकाम्या तीन.

"मार्लिसला सांग, तूही नाव टाक म्हणावं."

"तिचा पाय बरा झालाय आता."

"मग घेईल की कुणीतरी."

"तुम्ही सांगा तिला."

"तिला आणलं कुणी? मी सांगितलं तर काढलं असं होतं. तू सांगितलंस तर तो सल्ला होतो."

मी पट्ट्या गुंडाळत राहिले, मान वर केली नाही. तेव्हा बोलायला हवं होतं मी.

दुपारी लोर्नाने मार्लिसला बोलावलं.

"दुसरीकडे तुला जास्त खेळायला मिळेल गं," ती म्हणाली.

"सरळ बोला ना, कोच. काढताय मला?"

लोर्ना टेबलावरचे कागद सारखे करायला लागली.

"आईला तुम्ही फोन करा. मला नाही जमायचं," मार्लिस म्हणाली आणि गेली.

लोर्नाने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून आरडाओरडा झाला नाही. आई एवढंच म्हणाली, "आमच्याकडे जेवून गेला होतात हो तुम्ही," आणि फोन ठेवला.

'मार्लिसने नव्या संधी शोधायचं ठरवलं आहे, तिला शुभेच्छा,' असं निवेदन निघालं. तेही लोर्नानेच लिहिलं. मग तिने एकतीस कॉलेजांना फोन केले. गुडघ्याचं नाव निघालं की पलीकडचा माणूस घाईत असायचा. शेवटी मार्लिस घराजवळच्या एका कॉलेजात गेली. तिथे संघच नव्हता. तिचे निम्मे विषय त्यांनी धरले नाहीत, म्हणजे वर्ष वाया. लोर्नाचा फोन ती उचलेनाशी झाली.

तिच्या जागी आलेल्या उंच मुलीने वर्षभर चांगले गुण मिळवले आणि पुढच्या एप्रिलमध्ये स्वतःच पोर्टलवर नाव टाकून मोठ्या कॉलेजात निघून गेली.

"चालायचंच. दुसरी बघ," ब्रँट म्हणाला.

"मार्लिसला विचारू?"

"कोण, ती गुडघेवाली? खेळते तरी का ती अजून?" तो हसला.

संघ नसलेल्या कॉलेजात ती एकटीने तरी खेळते का, हे लोर्नाला ठाऊक नव्हतं. ती गाडी घेऊन मोंटानाच्या हद्दीवरच्या एका गावी मुलगी बघायला गेली. तिसऱ्या दिवशी परतली.

मी खोचून विचारलं, "चार वर्षांचा शब्द दिलास का?"

"तोंड उघडणार होते. त्याआधी आईच म्हणाली, पहिल्या वर्षानंतर पोरीला दुसरीकडे जाता येईल ना?"

"मग?"

"म्हटलं, येईल की. येतेय मुलगी."

तिने बूट काढले, ओले मोजे हीटरवर टाकले आणि पुढच्या गावाचा पत्ता शोधायला लागली.