पात्रता : मामा

आमच्या मामांना गल्लीत सगळे 'बॅरिस्टर' म्हणतात. शिक्षण मॅट्रिक, निवृत्त झाले ते पाणीपुरवठा खात्यातून, आवक-जावक कारकून म्हणून. पण नळाच्या तक्रारीपासून घटस्फोटापर्यंत कुणाचाही अर्ज लिहायला मामा एका पायावर तयार. त्यांच्या अर्जानं कुणाचं काम झाल्याचं ऐकिवात नाही. अर्ज मात्र झकास असतात.

माझा गुंतवणूक सल्लागाराचा परवाना नियामकांनी रद्द केला, तेव्हा मामांना नुसतं स्फुरण चढलं. खरं तर तो गेला मामांमुळेच. वार्षिक अहवाल का दिला नाही, अशी साधी नोटीस आली होती. पंधरा दिवसांत दोन ओळींचं उत्तर द्यायचं. "तू हात लावू नकोस," म्हणत मामा ती घेऊन गेले आणि अठरा पानी उत्तर लिहीत दोन महिने बसले. माझं पोट त्या परवान्यावर चालतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

अपिलाच्या फॉर्मवर 'प्रतिनिधीची पात्रता' असा रकाना होता. मामांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं : मामा.

सुनावणीला ते कडक इस्त्रीचा कोट घालून आले. मी तोंड उघडलं की, "तू गप्प बस, मी आहे ना!" आत अपील न्यायाधिकरणाच्या अध्यक्षबाईंनी फॉर्म वाचला आणि चष्मा काढला.

"आपण वकील?"

"नाही."

"सनदी लेखापाल? कंपनी सचिव? यांच्याकडे नोकरीला?"

"मी हिला लहानाची मोठी केलीय, मॅडम."

"ते नियमात बसत नाही. मागे बसा." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही स्वतः बोलू शकता. उत्तराला उशीर का झाला?"

खरं सांगावं तर मामांची चारचौघांत शोभा, न सांगावं तर परवाना कायमचा जाणार.

मागून आवाज आला, "चूक माझी आहे. नोटीस माझ्याकडे पडून होती. पोरीचा काही दोष नाही."

सहासष्ट वर्षांत हे वाक्य मामांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मामीनं तर नाहीच.

"तुम्हाला इथे बोलता येणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. लेखनिकाला म्हणाल्या, "हे लिहू नका."

मग तेच मला सांगावं लागलं, मोठ्यानं, मामांच्यादेखत : "चूक मामांची आहे." लेखनिकानं शब्दन्‌शब्द टिपून घेतला.

परवाना परत मिळाला. आदेश मामांनी तीनदा वाचला. चौथ्या परिच्छेदात लिहिलंय, 'अपीलकर्तीच्या मामांच्या निष्काळजीपणामुळे विलंब झाला.' ती चूक त्यांनी स्वतःहून कबूल केली होती, हे कुठंच नाही.