पंतोजींनी केलेला फोन

आमच्या दादाला वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे पंतोजी म्हणायचे. शिकाऊ बातमीदाराने कुणाच्या विरोधात चार ओळी लिहून आणल्या की दादा विचारायचा, "त्या माणसाशी बोललास?" नाही म्हटलं की कागद परत. बातमी शिळी झाली तरी चालेल, पण ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी विचारायचं, हा त्याचा हट्ट. त्यापायी संपादकांशी त्याचं कितीदा तरी वाजलं आणि बढत्या दुसऱ्यांच्या पदरात पडल्या. घरी आम्हाला मात्र त्याचा अभिमान वाटायचा.

निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, दादाने ब्लॉग काढला. वहिनी गेल्यापासून मी त्याच्याकडेच राहते. खिडकीशी माझं शिवणयंत्र, भिंतीशी त्याचं टेबल. माझं मशीन थांबलं की त्याची कुरकुर ऐकू येते. कुठल्या वाहिनीने रडणाऱ्या आईच्या तोंडापुढे माईक धरला, कुणी पैसे घेऊन स्तुती छापली, कुणी मथळा एक देऊन खाली भलतंच लिहिलं, सगळ्यांची तो खरडपट्टी काढायचा. चुकीचा मजकूर गुपचूप बदलून साळसूदपणे बसणाऱ्यांवर तर त्याचा विशेष राग. वाचणारे मोजकेच. जुने सहकारी, एक-दोन प्राध्यापक आणि मी, म्हणजे मला सुटकाच नव्हती. कुणी काही कळवलं नाही की त्याचा चेहरा उतरायचा.

मग एका दुपारी ओळखीच्या एका पालकाने त्याला व्हिडिओ पाठवला. शाळेच्या बसवर मुलांना चढवणारा-उतरवणारा मदतनीस एका लहानग्याला दंडाला धरून फरफटत नेतोय आणि पोरगं गळा काढून रडतंय. त्या माणसाचं आणि शाळेचं नाव मी लिहीत नाही. दादा संतापला. मीही संतापले, खोटं कशाला बोलू? तो लगेच लिहायला बसला आणि मला वाटलं, चला, गडी पुन्हा रंगात आला.

लेख संपत आला तेव्हा त्याने शाळेतून मिळवलेला त्या मदतनिसाचा नंबर लावला. दोनदा वाजला असेल-नसेल, तोच ठेवून दिला.

"अरे, उचलू तरी दे त्याला," मी म्हटलं.

"बसवर असेल तो. मी फोन केला ना? झालं तर."

आणि शेवटची ओळ त्याने मला वाचून दाखवली, 'संबंधित कर्मचाऱ्याशी संपर्क साधला असता प्रतिसाद मिळाला नाही.' ती ओळ त्याच्या तोंडातच होती आणि टेबलावर फोन थरथरायला लागला.

"दादा, त्याचाच असणार."

"त्याचाच आहे."

"मग घे की!"

"आता हा रडगाणं गाईल. मग हे जरा सौम्य कर, ते जरा वगळ. सगळ्या लेखाचं पाणी होईल." त्याने फोन उपडा ठेवला आणि लेख ब्लॉगवर टाकला. फोन थांबून थांबून वाजत राहिला. मी मशीन जोरात चालवलं, तो ऐकू येऊ नये म्हणून.

लेख वणव्यासारखा पसरला. आयुष्यात कधी नव्हे इतक्या लोकांनी दादाला वाचलं. जेवताना तो मधूनच हसत होता. दुसऱ्या दिवशी शाळेने त्या माणसाला घरी बसवलं, तेव्हा दादा म्हणाला, "लेखणीत अजून दम आहे."

संध्याकाळी व्हिडिओतल्या त्याच मुलाच्या आईने दादाला लिहिलं. टोपी उडाली म्हणून तिचा मुलगा मागे घेत असलेल्या बसच्या चाकाकडे धावला होता. त्या माणसाने त्याला ओढून काढलं. व्हिडिओत बसचा भाग कापला गेला होता. ती आभार मानायला शाळेत गेली, तर तो कामावरच नव्हता.

दादाने वाचलं आणि ब्लॉग उघडून काहीतरी खटाखट केलं. मी मागून पाहिलं. मथळा मवाळ झाला होता आणि शेवटची ओळ गायब.

माझा पारा चढला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर तू त्याची सालटी काढली असतीस."

 तो मान वर करेना. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मला माझी लाज वाटते गं." मला त्याची वाटत होतीच. दुकानात गेले तरी कुणी त्याचा विषय काढू नये म्हणून मी घाईने परतायची.

त्याने लेख काढून टाकला आणि माफी लिहिली. फोन वाजत होता आणि मी मुद्दाम उचलला नाही, हेही लिहिलं. आधी त्या माणसाला वाचून दाखवू, मगच टाकू, म्हणाला. काही दिवसांनी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर. दोरीवर कामाचा सदरा वाळत होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः उभा राहिला. बायको दारातच थांबली. शाळेने परत घेतलं होतं, पण सामानाच्या खोलीत. मुलांजवळ जायचं नाही. दादाने सगळं वाचून दाखवलं.

"मी तुम्हाला परत परत फोन केला, साहेब," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"नंबर अनोळखी. मला वाटलं, कुणाची तरी आई असेल. पोर घरी पोचलं नसेल. म्हणून करत राहिलो."

दादाने कागद त्याच्यापुढे धरला. "हे मी आजच टाकतो. सगळ्यांना खरं कळेल."

त्या माणसाने हात जोडले. "नको साहेब. आता कुठे लोक विसरायला लागलेत. तुम्ही लिहिलं की तो व्हिडिओ पुन्हा फिरणार. माझ्या मुलीला पुन्हा वर्गात विचारणार. वाईट लिहू नका आणि चांगलंही लिहू नका. माझ्याबद्दल काहीच लिहू नका."

बायकोने दार उघडं धरलं. जिना अरुंद होता, मी पुढे, दादा मागे. खाली पोचेपर्यंत मी एकदाही वळून पाहिलं नाही. माझ्याकडे बघायची वेळ तरी त्याच्यावर येऊ नये.