उणे वीस, पण कोणाचे?

बेल्ट मोंटानाला रवाना होऊन चार दिवस झाले होते. शनिवार सकाळ. मी निवांत थालीपीठ खात होतो आणि बायको, मालती, नाशिकला तिच्या ताईशी फोनवर बोलत होती.

"अगं, बाहेर दहा आहे दहा! आमचे दहा गं, तुमचे नव्हेत. तुमच्या हिशोबात उणे बारा."

माझा घास हातातच राहिला.

गोष्ट २००४ ची. मी रबर केमिस्ट, ओहायोत ॲक्रनच्या एका छोट्या बेल्ट कंपनीत. रबरात काय किती मिसळायचं हे ठरवणं माझं काम. महिन्यापूर्वी मोंटानातून वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या रँचरचा, म्हणजे गुरं पाळणाऱ्याचा, फोन आला होता. त्याच्याकडे वीझल होती. दुसऱ्या महायुद्धात बर्फातून, चिखलातून माणसं आणि सामान न्यायला बनवलेली ही गाडी. चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे, पण हलके: रबरी बेल्टवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या. बेल्ट तुटला की गाडी जागच्या जागी ठप्प.

वॉल्टरची ही हौस नव्हती. त्याची बायको डोरोथी हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. घरापासून मोठा रस्ता चार मैल, आणि हिवाळाभर मध्ये कमरेइतका बर्फ. ती साठ वर्षांची गाडीच तिला रस्त्यापर्यंत पोचवायची. जुने बेल्ट चिरायला लागले होते.

"थंडी किती पडते?" मी विचारलं होतं.

"वाईट दिवशी? उणे वीस."

मी वहीत उणे वीस लिहिलं. लॅबमध्ये आमचं सगळं सेल्सिअसमध्ये. इंजिनचं तेल गळणार म्हणून तेलाला दाद न देणारं रबर निवडलं, उणे वीसला टेस्ट केलं, पास झालं. खाली सही माझी.

वॉल्टरचे उणे वीस अर्थातच फॅरनहाइट. म्हणजे सेल्सिअसचे उणे एकोणतीस! तीस वर्षं अमेरिकेत काढली, तरी ताप फॅरनहाइटमध्ये आणि हवा सेल्सिअसमध्ये मोजायची आपली खोड काही गेली नाही.

तसाच लॅबला गेलो. उरलेला तुकडा उणे एकोणतीसला ठेवला. बाहेर काढून हातोडी मारली. काचेसारखे दोन तुकडे.

वॉल्टरला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. शनिवार डायलिसिसचा दिवस, हे मला पाठ होतं. माझ्या बेल्टवर बसून ती बाई निघाली असेल तर? बॉसला, गॅरीला, फोन केला.

"चूक कोणाची?" त्याने विचारलं.

"माझी."

"नवे बेल्ट कधी?"

"तीन दिवसांत."

"मग लाग कामाला. आणि त्याला फोन करत राहा."

दुपारी दोनला वॉल्टरचाच फोन आला. मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "बेल्ट बसवलेस?"

"नाही. काल बॉक्स आला. रात्री एक बेल्ट बाहेर पोर्चवर टाकला, सकाळी हातोडा घातला. तडकला की रे! मग जुन्यावरच डोरोथीला नेऊन आणलं. आत्ताच आलो, तर फोनवर तुझा नंबर दिसला."

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

"पण तुला हे टेस्ट करायला सांगितलं कोणी?"

"सांगायला कशाला लागतं? बायको बसणार आहे त्यात. तुला शिव्या घालायला फोन करणारच होतो. तूच आधी केलास, म्हणून निम्म्या माफ."

मी त्याला चूक सांगितली. तो इतका हसला की खोकला लागला.

नवे बेल्ट नैसर्गिक रबराचे केले; ते थंडीला टिकतं, पण तेलाने फुगतं. तेल पुसून काढ, असं वॉल्टरला बजावलं. मार्चमध्ये डोरोथीने स्वतः फोन केला. हिवाळाभर एकही डायलिसिस चुकलं नव्हतं. मालती म्हणाली, "श्रेय माझ्या ताईचं." म्हटलं, बरं बाई.

आता गिऱ्हाइकाने थंडीचा आकडा सांगितला की मी आधी विचारतो, "कोणाचे?" आणि टेस्ट सरळ उणे चाळीसला लावतो. त्या एका आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात. तिथे आमचे-तुमचे उरत नाही.