तुळसाक्काचं वेगळं डालगं

सोलापूरच्या ढोरांच्या दवाखान्यात मी कुंभारीच्या एका गड्याच्या बैलाला औषध पाजत होतो. बैलाचं तोंड धरता धरता गडी म्हणाला, "आमची तुळसाक्का गेली की वो परवा." त्याला आता दीड महिना झाला. रडायला हवं खरं, पण तिची आठवण आली की छाती फुगते, त्याला मी काय करू?

मी इथला कंपाउंडर, पण ती मला 'डागतर' म्हणायची, आणि ते मानानं नव्हे. पहिल्यांदा आली ती मेलेली कोंबडी पदराखाली घेऊन. तुरा काळानिळा, हिरवी हगवण, की दुसऱ्या दिवशी पाखरू आडवं. विधवा बाईचं घर त्या कोंबड्यांवर चालायचं. मी दवाखान्याच्या आमच्या गोऱ्या साहेबाच्या तोऱ्यात जंतूंवर व्याख्यान दिलं आणि पाण्यात टाकायला लाल औषध दिलं. तिनं विचारलं, "जंतू माज्या घरात आलं कसं? पाय हायत व्हय त्यास्नी?" मी म्हणालो, हवेतून येत असतील. "मग हवा शेजारणीकडं का गेली न्हाय?"

उत्तर तिनंच शोधलं. बाजारात दहा गावांच्या कोंबड्या पाय बांधून एकत्र पडतात. न विकलेली कोंबडी बायका परत आणत आणि संध्याकाळी घरच्या कोंबड्यांबरोबर बांबूच्या एकाच डालग्याखाली झाकत. तुळसाक्काची पहिली मेलेली कोंबडी तशीच परत आलेली. तेव्हापासून अशा कोंबडीला अंगणाच्या टोकाला वेगळं डालगं, वेगळं पाण्याचं परळ, आणि तेही पुढचे दोन आठवडी बाजार होईपर्यंत. बायका पदर तोंडाला लावून हसत, "तुळसाक्काची कोंबडी बाजूला बसली ग!"

पुढच्या उन्हाळ्यात कोंबड्यांवर मरी आली. आळीतली खुराडी रिकामी झाली, हिच्या कोंबड्या मात्र उकिरड्यावर मजेत चरत होत्या. मग हसणं थांबलं आणि 'करणी' हा शब्द निघाला. मी नेमका त्या दिवशी तिथं होतो. शेजारची भीमाबाई आळीतल्या बायका घेऊन तिच्या दारात ओरडत होती, "आमच्या मारून सोताच्या राखल्या हिनं! गावाभायेर काडा!"

तुळसाक्का उंबऱ्यावरून हलली नाही. "भीमे, तुजं पयलं पाखरू कुटलं मेलं?"

"बाजारातनं माघारी आणल्यालं."

"आन तुजं, शांते?"

"माजं बी तसलंच." एकेकीला विचारलं, सगळ्यांचं उत्तर तेच.

"मग करणी बाजारानं केली की! आजपास्नं समद्यांनी डालगं येगळं ठेवा. फुडच्या उन्हाळ्यात घरच्या डालग्यातली एक जरी मेली, तर मी आपल्या पायानं गाव सोडंन."

एवढा शब्द तर आमच्या साहेबानंही कधी दिला नसता. वर्षभर मी त्या आळीत भीत भीतच जायचो. उन्हाळा आला, आजूबाजूच्या गावांत मरी फिरली. या आळीत दोन कोंबड्या मेल्या, दोन्ही वेगळ्या डालग्याखाली. घरची एकही नाही! त्या दिवशी मी भर आळीत टोपी काढून तुळसाक्काला रामराम केला.

गेल्या आठवड्यात तिच्या सुनेला द्यायला बाजारातून एक तलंग, अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, घेऊन गेलो. अंगणात पाऊल टाकतो तोच शेजारच्या ओट्यावरून भीमाबाई कडाडली.

"डागतर, बाजारातली हाय न्हवं ती? मग घरात कुटं निगालाव? दोन बाजार तिकडं!"

मी तलंग घेऊन अंगणाच्या टोकाच्या डालग्याकडं वळलो.