चढावर चालणारा

तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट बंद पडली की बोलावणं येतं, त्यामुळे त्याचा निम्मा दिवस जिने चढण्यात जातो. डोंगरवाटांवरची पन्नास किलोमीटरची शर्यत तो पाच वर्षं पळत होता आणि दर वर्षी आठ तासांहून थोडा जास्तच वेळ लागायचा. यंदा बायकोने बजावलं होतं, "आठच्या आत आलात तर पुढच्या वर्षी जा. नाहीतर ही शेवटची. गुडघे तुमचे असले तरी शेकते मी."

आतापर्यंत तो प्रत्येक चढ हट्टाने पळत चढायचा. चालणं त्याला कमीपणाचं वाटे. यंदा पहिल्याच चढावर त्याच्या मनात आलं, की कामावर बाराव्या मजल्यावर जाताना आपण कधीच पळत नाही. पळत गेलं तर हात थरथरतात आणि पाना धरता येत नाही. मग तो जिना चढावा तसा शांतपणे चालू लागला.

मागून आलेल्या एका तरुणाने विचारलं, "काका, दमलात?"

"नाही रे, कामावर आहे."

अडतिसाव्या किलोमीटरला तो तरुण पोटरी धरून बसलेला दिसला. याच्या पायांत अजून जोर होता. शेवटचा उतार तो सलग पळाला.

सात तास एकोणपन्नास मिनिटं. बायकोने फलकावरचा आकडा दोनदा वाचला.

"जा मग पुढच्या वर्षी," ती म्हणाली. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून तीच त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला बसली.